चेंडूवर उभे राहता येत नाही, चालावेच लागते

गेल्या अंकातील सदरात सर्कशीतल्या मोठ्या चेंडूवर तोल सांभाळत चालण्याच्या कलेचा ओझरता उल्लेख आला होता. त्या एका परिच्छेदावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. काही वाचकांनी त्यात चेंडूसाठी आलेल्या ‘ग्लोब’ या शब्दावरून लोखंडी जाळीच्या गोलात मोटारसायकल फिरवण्याचा खेळ गृहीत धरला आहे. तो खेळ वेगळा असून पत्रोत्तरी शिकवण्याजोगा मुळीच नाही. येथे विषय आहे तो आतून पोकळ, बाहेरून कठीण आणि उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत येईल अशा चेंडूचा, ज्याच्या माथ्यावर उभे राहून तो पावलांनी चालवायचा असतो. निवडक पत्रांना उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : घरी व्यायामाचा हवा भरलेला मोठा चेंडू आहे. सुरुवातीचा सराव त्यावर केला तर चालेल का? चालत नसेल तर कोणता चेंडू घ्यावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालणार नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. हवेचा चेंडू बसण्यासाठी आणि पाठ टेकून व्यायाम करण्यासाठी बनवलेला असतो. त्यावर उभे राहिले की तो तळव्यांखाली चेपतो आणि जेथे माथा हवा तेथे एक मऊ खळगा तयार होतो. पाऊल उचलताच तो खळगा जागा बदलतो, त्यामुळे पायांना शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. शिवाय अशा चेंडूचे वजन जेमतेम किलो-दीड किलो असल्याने तोल किंचित ढळला तरी तो बंदुकीच्या गोळीसारखा निसटतो. एखाद्या खड्याने किंवा जुनेपणामुळे तो फुटला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

चालण्याचा चेंडू जाड प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा असतो. प्रौढ व्यक्तीने सुमारे 70 सेंटिमीटर व्यासाचा घ्यावा. लहान मुलांना किंवा उंची कमी असलेल्यांना 60 सेंटिमीटरचा पुरतो. चेंडू जितका मोठा तितका त्याचा माथा पायांना सपाट लागतो, मात्र चढणे आणि पडणे ही दोन्ही उंचीने वाढतात. वजन दहा ते वीस किलोंच्या दरम्यान असावे. दुकानात उचलून पाहताना हलका चेंडू बरा वाटतो, पण पायाखाली तोच पळपुटा ठरतो. जड चेंडू उशिरा हलतो आणि नवशिक्याला विचार करायला अर्धा क्षण देतो. त्या अर्ध्या क्षणावरच पहिला महिना काढायचा असतो.

काही चेंडूंना लहानसे भोक व बूच असते. त्यातून दोन-तीन किलो चाळलेली, पूर्ण कोरडी वाळू आत सोडावी. चेंडू फिरू लागला की वाळू तळाशीच राहू पाहते, आत सरसरत घासते आणि चेंडूचा वेग खाऊन टाकते. ओली वाळू घातलीत तर तिचा एका बाजूला गड्डा बसेल आणि चेंडू लंगडत चालेल. पाय सरावले की ही वाळू हळूहळू काढून टाकावी.

जमिनीविषयी पत्रात काही विचारलेले नाही, पण चेंडूइतकीच ती महत्त्वाची आहे. गुळगुळीत फरशीवर कोणताही चेंडू अनावर होतो. कुस्तीची किंवा जिम्नॅस्टिक्सची मॅट उत्तम, खडे वेचून घेतलेली आखूड हिरवळही चालते. घरातली सतरंजी मात्र फरशीवर अंथरून वापरू नये, कारण चेंडूच्या आधी सतरंजीच सरकते.

प्रश्न : आमच्याकडे फायबरच्या मूर्ती करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून चेंडू करून घेता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : येईल, पण मूर्तीला जे माफ असते ते चेंडूला माफ नसते. दोन अर्धगोल साच्यातून काढून जोडण्याची पद्धत सोयीची असली तरी सांधा हा त्याचा दुबळा भाग होय. आतून पट्टी देऊन सांधा पक्का करावा आणि बाहेरून घासून असा सपाट करावा की डोळे मिटून बोट फिरवले तर तो सापडू नये. चेंडू ताब्यात घेताना शिंप्याची मापाची फीत न्यावी. 70 सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूचा घेर 220 सेंटिमीटर येतो. तो आडवा, उभा आणि तिरका असा तीनदा मोजावा. तीन मापांत सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक आढळला तर मी तरी तो चेंडू परत करीन, कारण असा चेंडू ठरावीक बाजूवर आला की आपोआप वळतो आणि शिकणारा मात्र स्वतःच्या पायांना दोष देत बसतो. त्यानंतर दोन धडधाकट माणसांनी, भिंतीला हात टेकून, त्यावर एकाच वेळी भार द्यावा आणि कान देऊन ऐकावे. कुरकुर ऐकू आली तर सौदा तिथेच थांबवावा.

प्रश्न : चेंडू मिळाला, मॅटही आहे. मित्राच्या खांद्याचा आधार घेऊन चढतो, पण हात सोडला की दोन सेकंदांत चेंडू पायाखालून निघून जातो. पंधरा दिवस झाले, प्रगती शून्य. नेमके काय चुकते आहे? (ठाणे)

उत्तर : तुम्ही उभे राहण्याचा प्रयत्न करीत आहात, ही पहिली चूक, आणि चेंडू हलताच जमिनीवरच्या सवयीने पाऊल टाकता, ही दुसरी. पहिली सुधारली की दुसरी दिसू लागते, म्हणून दोन्हींचा क्रमाने विचार करू.

चेंडूच्या माथ्यावर स्थिर उभे राहणे हे या कलेतले अवघड काम आहे. ते शेवटी येते. सायकल जागच्या जागी उभी धरण्यापेक्षा चालवणे सोपे, तसाच हा प्रकार आहे. तरबेज कलाकार चेंडूवर निवांत उभा आहे असे आपल्याला गॅलरीतून वाटते, पण जवळ जाऊन त्याच्या पायांकडे पाहिले तर टाचा आणि बोटे आळीपाळीने सतत चाळवत असतात. ही चाळवाचाळव थांबली की चेंडू निघाला. म्हणून पहिल्या दिवसापासून पावले इंच-दोन इंच उचलण्याची आणि ठेवण्याची सवय लावावी, गरज असो वा नसो.

दुसरी चूक अधिक खोल आहे. जमिनीवर धड पुढे झुकले की आपण पाऊल पुढे टाकतो आणि सावरतो. चेंडूवर नेमके हेच केले तर पाऊल चेंडूचा माथा मागे ढकलते, चेंडू मागे जातो, धड पुढेच राहते आणि आपण तोंडावर येतो. धड पुढे झुकले असेल तर चेंडूला धडाखाली आणायला हवे, म्हणजे तो पुढे जायला हवा, आणि तो पुढे जावा यासाठी पावले मागे पडली पाहिजेत. मागे झोक गेला तर पावले पुढे. डावीकडे गेला तर पावले उजवीकडे सरकवायची. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात आयुष्यभराची सवय उलटवायची असल्याने पाय आधी ऐकत नाहीत, आणि हे डोक्याने समजून भागतही नाही.

आता सरावाचा क्रम सांगतो. जुनी जाड गोधडी घट्ट गुंडाळून, तिचे टोक टोकाला बांधून मोठी चुंबळ करावी आणि चेंडू तिच्यात बसवावा. आपल्या आज्या डोक्यावर हंडा तोलण्यासाठी जी युक्ती वापरत, तीच येथे चेंडूखाली वापरायची आहे. चुंबळीतला चेंडू डुलतो, पण पळत नाही. माथ्यावर खडूने रुपयाएवढा ठिपका काढावा. चढताना दोन्ही तळहात माथ्याच्या किंचित पलीकडे टेकवून आधी एक गुडघा, मग दुसरा गुडघा वर घ्यावा, नंतर एकेक तळपाय आणून उकिडवे बसावे. ठिपका दोन्ही पावलांच्या मधोमध यावा, पावलांत वीतभर अंतर असावे आणि चवडे थोडे बाहेर वळलेले असावेत. चवडे समांतर ठेवले तर घोटे दोन बाजूंनी बाहेर कलतात आणि पोटऱ्या लवकर भरून येतात. उकिडव्या स्थितीत वीस-पंचवीस श्वास काढावेत. मग गुडघे पूर्ण सरळ न करता उभे व्हावे आणि समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत एखादी खूण धरून तिच्याकडेच पाहावे. पायांकडे पाहिले की मान झुकते, मानेमागोमाग धड झुकते आणि पुढचे तुम्हाला माहीतच आहे.

चुंबळीवर दोन मिनिटे पावले चाळवता आली की चुंबळ काढावी आणि अंथरुणाच्या दोन लांब वळकट्या मॅटवर समांतर ठेवून त्यांच्यामध्ये चेंडू सोडावा. वळकट्या दोन्ही बाजूंनी चेंडूला जेमतेम टेकल्या पाहिजेत. आता तो फक्त पुढे-मागे जाऊ शकतो आणि शिकणाऱ्याला चारऐवजी दोनच दिशांची चिंता उरते. या गल्लीत, समोरच्याच्या हातांच्या आधाराने, तीन-चार इंचांची पावले मागे टाकत चेंडू पुढे न्यावा. आधी पुढेच जाण्याचा सराव करावा, कारण जिकडे जायचे ती जागा डोळ्यांना दिसते. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक सराव करू नये. तळव्याच्या कमानीत गोळा येऊ लागला की त्या दिवसाचा पाठ संपला असे समजावे.

पंधरा दिवसांत प्रगती शून्य असे तुम्ही लिहिता. दोन सेकंद उभे राहता याचा अर्थ चढणे जमले आहे, आणि अनेकांची गाडी तिथेच अडते.

प्रश्न : पावले मागे टाकली तर चेंडू पुढे जातो हे खरे, पण माणूस जागच्या जागीच राहायला नको का? ट्रेडमिलवर राहतो तसा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : ट्रेडमिलचा पट्टा फिरतो आणि यंत्र जागेवर राहते, चेंडू मात्र फिरता फिरता स्वतःही सरकतो, फरक तेवढाच आहे. चेंडू न घसरता गडगडत असेल तर त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, मध्यबिंदू एका वेगाने पुढे जातो आणि माथा त्याच्या दुप्पट वेगाने. तुम्हाला राहायचे असते मध्यबिंदूच्या बरोबर वर, म्हणजे तुमचा वेग मध्यबिंदूइतका हवा. माथा मात्र तुमच्यापेक्षा जलद पुढे चाललेला असतो, म्हणून तेवढी भरपाई पावले मागे टाकून करावी लागते. चेंडूच्या पृष्ठभागावर जितके अंतर मागे चालाल तितकेच जमिनीवर पुढे जाल.

हिशेब करायचा तर 70 सेंटिमीटरचा चेंडू एका फेऱ्यात 2.2 मीटर पुढे सरकतो. सर्कशीच्या रिंगणाचा व्यास परंपरेने सुमारे 13 मीटर असतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली या घोडेस्वाराने रूढ केलेले हे माप धावत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहणाऱ्यासाठी सोयीचे ठरले आणि पुढे जगभर टिकले. त्याचा परीघ जवळपास 41 मीटर होतो, म्हणजे रिंगणाच्या कडेने एक प्रदक्षिणा करायला चेंडूचे साडेअठरा फेरे आणि दहा सेंटिमीटरचे पाऊल धरल्यास चारशेहून अधिक उलटी पावले लागतात. प्रेक्षक त्या वेळी कलाकाराच्या हातातल्या रंगीत छत्रीकडे पाहत असतात, ही गोष्ट निराळी.

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची असून चार वर्षे मल्लखांब करते. तिला चेंडूवर चालणे शिकायचे आहे. मल्लखांबाचा उपयोग होईल का? आणि लहान मुलांना सर्कशीत काम करण्यास बंदी असल्याचे वाचले होते; मग असे शिकवणे कायद्यात बसते का? (एक माता, सातारा)

उत्तर : कायद्याचे आधी. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2011 रोजीच्या निकालात सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करण्याचा आदेश दिला, आणि तो योग्यच होता. तो प्रश्न नोकरीचा आणि पिळवणुकीचा होता. शाळा सांभाळून हौसेने शिकण्याशी त्याचा संबंध नाही.

मल्लखांबाचा उपयोग निश्चित होईल, पण ज्या ठिकाणी होईल असे वाटते तेथे नव्हे. मल्लखांबपटूची पकड मांड्यांत आणि दंडांत असते, तर चेंडूवर पकडायला काहीच नसते. मी पाहिलेल्या मल्लखांबपटूंना सुरुवातीला हेच जड जाते, कारण शरीर आपोआप आवळून धरू पाहते आणि आवळलेले गुडघे चेंडूवर निरुपयोगी ठरतात. खरा लाभ होतो तो पडताना. उलटे असताना आपले डोके कोठे आहे याचे भान, उतरताना गुडघ्यांत झेलण्याची सवय आणि न घाबरता उंचीवरून खाली पाहण्याची तयारी हे सारे तिच्यापाशी आहे. इतरांना ते मिळवायला महिने लागतात.

एक बारीक पण महत्त्वाची सूचना. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावलेले असते आणि ते मांड्या-पोटऱ्यांवरून तळव्यांपर्यंत उतरते. तिने मल्लखांबाच्या सरावानंतर लगेच चेंडूवर पाय ठेवू नये. आधी पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचकीपर्यंत कोरडे करावेत. चेंडूही ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. मोजे घालून तर कधीच चढू नये. अनवाणी पाय सर्वांत बरे, अन्यथा पातळ रबरी तळाचे, पायाला घट्ट बसणारे बूट घालावेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मिळून शिकत आहोत. एक चेंडूवर असताना दुसऱ्याने कोठे उभे राहावे आणि कसे धरावे? पडण्याची भीती फार वाटते. (नाशिक)

उत्तर : धरू नये, हात द्यावा. आधार देणाऱ्याने समोर, हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही कोपर कमरेशी ठेवावेत आणि तळहात वर करून हात पुढे करावेत. चेंडूवरच्या व्यक्तीने त्या हातांवर आपले हात नुसते टेकवावेत. आधार देणाऱ्याने मनगटे पकडली की चेंडूवरचा माणूस त्या पकडीला लोंबकळतो, त्याचा तोल पायांतून हातांत जातो आणि हात सुटले की पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. नवरा-बायकोच्या जोड्यांत हे हमखास घडते, कारण काळजीपोटी पकड सैल होत नाही. पहिल्या आठवड्यात मागेही एक तिसरी व्यक्ती असावी. तिने स्पर्श करू नये. केवळ मागे येणाऱ्या पाठीला थोपवण्यासाठी सज्ज राहावे.

भीतीवर माझ्यापाशी एकच उपाय आहे. चढायला शिकण्याआधी उतरायला शिकावे. चुंबळीवरच्या चेंडूवर उकिडवे बसून पुढे, मॅटवर, दोन्ही पायांवर उतरावे. चवडे आधी टेकावेत, गुडघे वाकावेत. असे वीस वेळा करावे. मग उभ्या स्थितीतून वीस वेळा. मोकळ्या चेंडूवरून पुढे उतरताना पायांच्या रेट्याने चेंडू मागे उडतो, तेव्हा मागे काच, पाळणा, म्हातारे माणूस किंवा कुत्रे नाही याची खात्री करून घ्यावी. उतरल्यावर एक पाऊल बाजूला सरकण्याचीही सवय ठेवावी, कारण भिंतीवर आपटलेला चेंडू परत येतो आणि पंधरा किलोंचा चेंडू पोटरीवर आदळला तर लक्षात राहतो. चारी बाजूंना तीन मीटर जागा मोकळी असावी. मनगटरक्षक आणि हेल्मेट घालण्यात कमीपणा नाही.

या बाबतीत स्वतःचा अनुभव सांगायला हरकत नाही. शिकायला लागून दीड वर्ष झाले होते, एका सभागृहात लहानसा प्रयोग होता आणि व्यासपीठावर मॅट नव्हती. टाळ्या पडल्या तेव्हा मी चेंडूवरूनच वाकून नमस्कार केला. हात जोडले, पावले थांबली. चेंडू पुढे गेला आणि मी मागे, पसरलेल्या उजव्या हातावर. सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये होते. मागे पडताना हात टेकवून वाचण्याची धडपड करू नये, हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून लोळण घ्यावी, हे मी त्याआधी कित्येकांना शिकवलेले होते. तोल गेल्याची पहिली सूचना मिळताच, सावरण्याचा मोह टाळून, पुढे उतरून जावे. सावरण्याची हौस पुढे भागवता येते.

प्रश्न : ही कला आपल्याकडची की बाहेरची? पिकासोच्या एका चित्रात चेंडूवर तोल सांभाळणारी मुलगी पाहिली होती. तसे उभे राहणे शक्य आहे का? (सांगली)

उत्तर : तोल सांभाळण्याचे खेळ आपल्याकडे डोंबाऱ्यांच्या दोरीपासून मल्लखांबापर्यंत फार जुने आहेत, पण मोठ्या चेंडूवर चालण्याचा खेळ आज ज्या रूपात दिसतो ते रूप युरोपीय सर्कशीचे आहे. एकोणिसाव्या शतकात तो तेथे चांगलाच बहरला होता. 1860 च्या दशकात इथार्डो या नावाने खेळ करणारा कलाकार लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चेंडू पायांनी चालवत उंच मळसूत्री वाटेने वर नेई आणि त्याच वाटेने खाली आणी. खाली आणणे अधिक कठीण, कारण उतारावर चेंडूला घाई असते आणि त्याला सतत मागे खेचत राहावे लागते.

तुम्ही सांगलीकर म्हणून आणखी एक गोष्ट. मुंबईत आलेल्या किआरिनी यांच्या इटालियन सर्कशीनंतर विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये आपली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि भारतीय सर्कशीचा आरंभ एका मराठी माणसाच्या हातून झाला. छत्रे तुमच्याच परिसरातले, अंकलखोपचे. त्यामुळे रिंगण परके असले तरी ते आपल्याकडे आणले कोणी, याचे उत्तर तुमच्या जिल्ह्यात आहे.

पिकासोचे ते चित्र 1905 सालचे असून मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. चित्रातला चेंडू लहान आहे. मुलीचे हात वर आहेत, कंबर एका बाजूला झुकली आहे आणि समोर ठोकळ्यावर एक धिप्पाड पहिलवान पाठमोरा बसला आहे. चित्रकाराने गोलावर हलके शरीर आणि घनावर जड शरीर समोरासमोर ठेवले, यात चित्राचे सगळे मर्म आहे. शिकणाऱ्याने मात्र ती ढब गिरवू नये. एवढ्या लहान चेंडूवर दोन्ही पाय इतके जवळ ठेवून मुरब्बी कलाकार क्षणभर उभा राहील, पण ते पाय स्थिर नसतील. चित्राला पावले चाळवता येत नाहीत, म्हणून ते खपून जाते.

प्रश्न : वय 58, नियमित चालतो, गुडघे ठीक आहेत. या वयात सुरुवात करावी का? (डोंबिवली)

उत्तर : चुंबळीवर, दोन माणसांच्या आधाराने, अवश्य करावी. चुंबळ काढण्याचा विचार मात्र हाडांची घनता तपासून आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा. चक्कर येण्याचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पूर्वी मनगट अथवा खुबा मोडलेला असेल तर चुंबळीवरच समाधान मानावे. वयाने प्रतिक्रिया मंदावते; पंचविशीत पडतात तितकी पावले तेवढ्या वेळात पडत नाहीत. ही उणीव जड चेंडू आणि जाड मॅट काही अंशी भरून काढतात, पूर्णपणे नाही.

प्रश्न : मला तीन चेंडूंचे जगलिंग, म्हणजे चेंडू आळीपाळीने उडवून झेलणे, येते. चेंडूवर चालता चालता ते करायला कधी सुरुवात करावी? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधाराशिवाय सलग पाच मिनिटे चालता आले, वळता आले आणि कोणी नाव घेऊन हाक मारली असता पाय न थांबता उत्तर देता आले, की सुरुवात करावी. ही तिसरी कसोटी गमतीची वाटेल, पण तीच खरी आहे. सुरुवातीला हातात एकच चेंडू घेऊन तो या हातातून त्या हातात टाकावा. खाली पडलेला चेंडू उचलण्यासाठी वाकू नये. पडला तर पडू द्यावा. तो पायाखालच्या मोठ्या चेंडूच्या वाटेत आला तर लगेच उतरावे, कारण लिंबाएवढी वस्तूही मोठा चेंडू जागच्या जागी अडवते आणि माणूस पुढे जातो.

प्रश्न : सदनिका लहान आहे. एवढा मोठा चेंडू ठेवायचा कोठे? (एकाहून अधिक पत्रे, मुंबई)

उत्तर : चुंबळीवर, खोलीच्या कोपऱ्यात. गच्चीत ठेवू नये. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि वाऱ्याने तो कठड्यापर्यंत जातो. पलंगाखाली तो मावत नाही, हे मी स्वतः मोजून पाहिले आहे. पाहुणे आले की त्यांना त्यावर बसू देऊ नये. बसणारा प्रत्येक जण दोन मिनिटांनी उभे राहून पाहू का, असे विचारतो.